बगळ्याच्या पोटातल्या घड्या

मी गणिताची शिक्षिका. विरारच्या एका शाळेत लागून मला दोन वर्षं झाली होती आणि तोवर मला जमणार नाही असं काही माझ्यापुढे आलंच नव्हतं. बढाई म्हणून सांगत नाही. माझा स्वभावच तसा होता, आणि थोडाफार अजूनही आहे. कराडकडच्या गावातून लग्न होऊन मी चंदनसारला आले, तेव्हा आमच्या नव्या इमारतीत पाणी टँकरचं होतं आणि टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. पंधरा दिवसांत मी टँकरवाल्याला गाठलं आणि सकाळी साडेसहाची वेळ ठरवून घेतली. त्या दिवसापासून इमारतीतल्या बायकाही मला 'बाई' म्हणायला लागल्या. शाळेतही बाई, घरीही बाई.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, सहावीचा कार्यानुभव तुम्ही घ्या. या वर्षी कागदकाम आहे. होड्या-बिड्या करायला लावा, तास निघून जाईल."

"घेते की, सर," मी म्हणाले. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? साधी होडी, नांगरहोडी, बंबहोडी, टोपी, पाकीट हे सगळं मला लहानपणापासून येत होतं. पहिले तीन आठवडे त्यावर छान गेले. चौथ्या आठवड्याला मी हस्तपुस्तिका उघडली तर पुढचा पाठ होता 'ओरिगामी : मूलभूत घड्या', आणि त्याच्या शेवटी एका पक्ष्याचं चित्र. लांब मान, लांब शेपूट, पसरलेले पंख. शेजारी बारा आकृत्या, त्यांत तुटक रेषा आणि बाण.

घरी बसून करून बघितलं. सहाव्या आकृतीपर्यंत सगळं बरोबर आलं. सातव्या आकृतीत एक बाण खालून वर जात होता आणि दोन बाण बाजूंनी आत येत होते. तिथे माझ्या कागदाची चुरगळलेली पुडी झाली. मी म्हटलं, काही नाही, वर्गात फळ्यापुढे उभी राहिले की आपोआप सुचेल. गणितात मला तसं सुचायचं.

वर्गात सुचलं नाही. अठ्ठावन्न मुलं हातात घोटीव कागद धरून माझ्याकडे बघत होती आणि मी सातव्या घडीवर अडकले होते. पुढच्या बाकावरच्या दोघांचे कागद मी ओढून घेतले, त्यांच्यावर खटपट केली आणि फाडले. मागून एक मुलगी उभी राहून अगदी सरळपणाने म्हणाली, "बाई, माझा चेंडू झाला." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. घंटा झाल्यावर मी फाटके कागद गोळा केले, ते टोपलीत न टाकता पर्समध्ये कोंबले आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले.

तिथे आमची मराठीची शिक्षिका वह्या तपासत होती. माझ्याच वयाची, वसई भागातल्या ख्रिस्ती कुटुंबातली. तिनं माझा चेहरा बघून विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग माझ्या पप्पांकडे जा ना. त्यांना येतं. आम्ही लहान असताना नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडायचो, त्यावर ते कागदाचे बगळे टांगायचे. सगळा गाव बघायला यायचा."

"शिकवतील?"

तिनं हातातली वही मिटली. "शिकवतील बहुतेक. हल्ली ते फारसे कुणाशी बोलत नाहीत. पण तू विचारून बघ."

शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटल्यावर आम्ही दोघी अर्नाळ्याच्या एसटीत बसलो आणि आगाशीच्या अलीकडे उतरलो. केळीच्या बागेतून पायवाट, पुढे विहीर, अंगणात चुन्यानं रंगवलेला क्रूस आणि मग कौलारू घराचा लांब ओटा. ओट्यावर आरामखुर्चीत तिचे वडील बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, उंच, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. मैत्रिणीनं माझी ओळख करून दिली आणि ती चहा पिऊन आपल्या सासरी निघून गेली. मी त्यांना काका म्हणायचं ठरवलं.

"गणिताच्या बाई का?" काका म्हणाले. "मग सोपं आहे. कागद आणलाय? चौकोनी हवा."

"चौरस," मी म्हणाले.

"तेच. आता त्याचं पुस्तक करा. कडेला कड लावून मधून दुमडा."

मी दुमडला. काकांनी तो मला उजेडासमोर धरायला लावला आणि मान पुढे काढून बघितलं.

"सुतभर फरक आहे."

"काका, सुतभरच आहे."

"आत्ता सुतभर आहे. आठव्या घडीला बोटभर होईल. दुसरा घ्या."

त्या दुपारी मी एकच घडी घातली, बहुधा तीस वेळा. मी घडी एका टोकापासून दाबत दुसऱ्या टोकाकडे जात होते, त्यामुळे कागद वाटेत सरकत होता. काकांनी सांगितलं तसं आधी दोन्ही कोपरे जुळवून धरायचे, मग घडीच्या बरोबर मधोमध अंगठा टेकवायचा आणि तिथून दोन्ही बाजूंना नखानं ओढत जायचं. ऐकायला काहीच नाही. हातात यायला मला दोन शनिवार लागले. मला रागही आला होता. हा माणूस स्वतः एकही घडी घालून दाखवत नव्हता. हात काखेत, नजर माझ्या बोटांवर, आणि तोंडाने नुसता हुकूम. मला वाटलं, मोठा गर्व दिसतोय यांना.

जुलै होता. कागद हाताला ओला लागायचा, घडी धरायची नाही, दाबली तरी फुगून वर यायची. काकांच्या बायकोनं ते बघितलं. त्या लुगडं नेसलेल्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझे सगळे कागद उचलून आत नेले आणि तांदळाच्या डब्यात ठेवले. "पुढच्या शनिवारी इथलेच घ्या," म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्या डब्यातून निघालेले कागद पापडासारखे कडक होते. मी त्यांना मावशी म्हणू लागले. ते नवरा-बायको आपसात त्यांच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र दोघंही नेहमीचं मराठी बोलायचे.

तिसऱ्या शनिवारी मावशींनी चहा आणला. मला कप दिला आणि काकांच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसल्या. काकांनी हात काखेतून काढले. उजवा हात इतका कापत होता की त्यांनी कपाला नुसता स्पर्श केला तर कप बशीवर खडखडू लागला. मावशींनी सहज, बोलणं न थांबवता, कप उचलून त्यांच्या ओठाला लावला. काकांनी घोट घेतला आणि हात परत काखेत दाबले.

मी माझ्या कपात बघत राहिले. मैत्रिणीनं मला हे सांगितलं नव्हतं. नंतर ती म्हणाली, आमच्या घरात ते कुणी तोंडाने बोलत नाही.

"कंपवात आहे," काकाच म्हणाले. "तीन वर्षं झाली. म्हणून सांगून शिकवतो. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "पळेल."

त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

मग शिकवणं वेगानं सुरू झालं. काका जहाजावर आचारी होते. तरुणपणी एकदा त्यांचं मालवाहू जहाज दुरुस्तीसाठी जपानच्या एका बंदरात थांबलं असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा जपानी होता. "त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. दिवसभर करणार काय? तो कागद दुमडायचा, मी बघायचो. मग तो मला कागद द्यायचा. चुकलं की बोटावर टिचकी. बरोबर आलं की मान हलवायचा. तीन आठवडे आम्ही एक शब्द बोललो नाही."

त्यामुळे घड्यांची नावं काकांकडे नव्हतीच. हात कापायला लागल्यावर, मला शिकवता शिकवता, त्यांनी ती स्वतःच पाडली होती. मधून दुमडलं की पुस्तक. कोपऱ्याला कोपरा लावून तिरकं दुमडलं की रुमाल. दोन्ही कडा मध्यरेषेवर आणल्या की कपाट. रुमालाची घडी उलगडून दोन बाजू कर्णावर आणल्या की पतंग. मग दोन रुमाल आणि दोन पुस्तकं घालून उलगडलेला कागद हातात धरायचा. "आता चारही भावांना एका ताटावर बोलवा," काका म्हणायचे. म्हणजे चारही कोपरे खाली एका जागी आणायचे. पहिल्यांदा कागद आपोआप मिटत आत गेला आणि माझ्या हातात छोटासा जाड चौरस आला, तेव्हा मी जागेवरून उठलेच.

"बसा, बाई. अजून बगळा लांब आहे."

एसटीतून येता-जाता मी मांडीवर पर्स ठेवून त्यावर घड्या घालायचे. मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "बाय, पुड्या बांधते काय?" मी म्हटलं, शिकतेय. ती म्हणाली, "बांध बांध. लागतात."

आणि मग आम्ही सातव्या घडीवर आलो. जिथे वर्गात मी अडकले होते, तीच. छोट्या चौरसाच्या दोन्ही बाजूंना पतंगासारखं दुमडून परत उलगडलं होतं. आता खालचं टोक वर न्यायचं होतं.

"आता ते वरचं एकच पान उचला," काका म्हणाले. "वर. म्हणजे… वर नेताना बाजू आत… नाही, आधी बाजू… थांबा."

ते थांबले. डोळे मिटले. काखेतून हात बाहेर आले आणि हवेत, मांडीच्या वर, कापत कापत काहीतरी उचलू लागले. बोटं कागद असल्यासारखी वळत होती. पण कापण्यामुळे ती नेमकी कुठे वळताहेत ते मला दिसेना, आणि मला वाटतं त्यांनाही कळेना. त्यांनी सांगितलं त्यातलं जेवढं मला समजलं तेवढं मी करून बघितलं. पुडी. परत पुडी. पुढच्या शनिवारीही तेच. शेवटी काका खुर्चीत मागे टेकले.

"हाताला ठाऊक होतं, बाई. मला कधी ठाऊक नव्हतंच."

त्यांचा चेहरा पडला होता. तोवर मला वाटत होतं की मी शिकायला येते आहे. त्या क्षणी लक्षात आलं, की हे गृहस्थ आठवडाभर शनिवारची वाट बघत असतात, आणि आता त्यांच्याकडचं सांगण्यासारखं संपलं होतं.

मी उठून पाणी प्यायला आत गेले. माजघरात काचेचं शोकेस होतं. त्यात परदेशी पेले, मुलांची लग्नातली छायाचित्रं, आणि वरच्या फळीवर कागदाचा एक बगळा. पिवळट पडलेला, पंखावर निळ्या छापील रेघा. मी बाहेर येऊन म्हणाले, "काका, तो आतला बगळा तुमच्या हातचा आहे ना? तो उलगडून बघते. घड्या आत असणारच. मी वाचून काढते."

"नाही," काका लगेच म्हणाले. "तो हिचा आहे."

तो त्यांनी त्या दवाखान्यात केलेला पहिला बगळा होता, कॅलेंडरच्या पानाचा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा. घरी आल्यावर त्यांनी तो बायकोला दिला होता. नंतरचे सगळे, गोठ्यावरचे, मुलांसाठी केलेले, कधीच फाटून गेले होते. हा एकच राहिला होता, चाळीसेक वर्षं.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मी निघाले.

पुढच्या शनिवारी जावं की नाही असं वाटत होतं, पण गेले. ओट्यावर टेबल मांडलेलं होतं, त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला आणि टॉवेलवर बगळा.

"उलगडा," मावशी म्हणाल्या. काका त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मावशींनी त्यांना एका शब्दात गप्प केलं. मग मला विचारलं, "परत तसाच होईल ना?"

"होईल," मी म्हणाले. मला खरोखर तसं वाटत होतं.

मी वही-पेन्सिल काढली. आधी पंख सरळ केले, मग मान आणि शेपूट बाहेर ओढली. प्रत्येक पायरीला थांबून वहीत आकृती काढत होते. कागद जुना, घड्यांवर कापसासारखा झालेला. मान सरळ करताना 'टर्र' असा अगदी बारीक आवाज झाला. मी हात थांबवले. घडीच्या ओळीवर नखाएवढी चीर गेली होती.

"फाटला?" काकांनी विचारलं.

"मानेत. थोडासा." खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण मावशी टेबलाशीच उभ्या होत्या.

"पुढे चला," मावशी म्हणाल्या.

शेवटी तो पूर्ण उलगडून टॉवेलवर पसरला गेला. चौरस कागद, त्यावर घड्यांचं जाळं, मधोमध एका बिंदूतून निघणाऱ्या रेघा. एका कोपऱ्यात कॅलेंडरचे आकडे. मी वाकून एकेक रेघ बोटाच्या टोकानं चाचपली. मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, त्या तिरक्या रेघा म्हणजे कोनदुभाजक होते. कर्णाने काटकोनाचे दोन भाग केले होते, पतंगाच्या घडीने त्या अर्ध्याचेही दोन. आठवीला मी जे कंपास घेऊन शिकवत होते तेच. आणि दुसरी, जिच्यामुळे मी दोन महिने अडकले होते : पतंगासाठी आधी ज्या घड्या मी एका दिशेला घातल्या होत्या, त्यातल्या काही या कागदावर उलट्या वळलेल्या होत्या. मी त्यांना खाच समजत होते, इथे त्यांचा उंचवटा होता. वरचं पान उचलताना त्या घड्या आपली दिशा बदलतात. आपण ती बदलू द्यायची असते. मी इतके दिवस जुनी दिशा घट्ट दाबून धरत होते, म्हणून पुडी होत होती.

मी नवा कागद घेतला. टोक उचललं, बाजूंच्या घड्या हलक्या हातानं उलट वळवल्या, आणि पान वर जाता जाता दोन्ही कडा आपल्या आपण मध्यरेषेवर येऊन टेकल्या. हातात एक लांबट शंकरपाळी होती.

"आली!" काका खुर्चीतून ओरडले. "हीच! हीच ती! आता मागच्या बाजूलाही तशीच!"

मागची बाजू, मग पाय बारीक करणं, एक टोक वर घेऊन मान, एक घेऊन शेपूट, मानेचं टोक मोडून चोच. पुढचं सगळं काकांना शब्दात सांगता आलं. तो दहा-पंधरा मिनिटांचा काळ होता आणि त्या वेळात त्यांनी एकदाही हात काखेत घातले नाहीत. माझा पहिला बगळा टेबलावर उभा राहिला. एक पंख किंचित आखूड होता. काका म्हणाले, "सुतभर," आणि मान हलवली.

मग जुना. तो मी फार जपून परत दुमडला. सगळं पूर्वीसारखं बसलं, पण मान वळवताना चीर वाढली आणि चोच एका धाग्यावर लोंबकळू लागली. मी परत तसाच होईल असं म्हणाले होते आणि तो तसा झाला नव्हता. मी मावशींकडे बघून म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. इतक्या खात्रीनं सांगायला नको होतं."

मावशींनी बगळा तळहातावर घेतला. आत जाऊन भाताचं एक शीत घेऊन आल्या, ते बोटानं चीर गेलेल्या जागी लावलं आणि चोच दाबून धरली. धरूनच म्हणाल्या, "एवढी वर्षं याच्यावरची धूळ पुसली. आत काय आहे ते मला कधी कळलंच नाही. आज बघितलं." आणि जरा वेळानं, "मला येईल का हो, बाई?"

काका हसले. "तुला? तू कधी कागदाला हात लावला नाहीस!"

"तुम्ही लावू दिलात कधी?" मावशी म्हणाल्या. "करायचात आणि मुलांना द्यायचात. मला म्हणायचात, तू भाकरी बघ."



सोमवारी मी सहावीच्या वर्गात गेले. या खेपेला सगळे कागद मी आदल्या दिवशीच घरच्या तांदळाच्या डब्यात ठेवले होते. वर्गापुढे उभी राहिले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मुलांना नवल वाटलं. मी म्हटलं, "मी करून दाखवणार नाही, आणि तुमचा कागद हातात घेणार नाही. फक्त सांगणार. पुस्तक करा. कडेला कड. आधी कोपरे जुळवा, मग मधे अंगठा."

हात मागे ठेवणं किती कठीण आहे ते मला त्या तासाला समजलं. एखादं पोर चुकीची घडी घालताना दिसलं की बोटं शिवशिवायची. पण काकांच्या ओट्यावर माझा कागद कुणीही हिसकावून घेतला नव्हता, म्हणून तर तो माझ्या हातात बसला होता. मी बाकाबाकांमधून फिरत शब्द बदलून बघत राहिले. एकाला 'चार भाऊ एका ताटावर' समजलं, दुसरीला 'छत्री मिटवतात तसं' सांगितल्यावर समजलं. शंकरपाळीच्या घडीपाशी आलो तेव्हा मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'घडीला उलटं वळू द्या.'

मुख्याध्यापक दारातून जाता जाता थांबले. "बाई, हात मागे का? काही लागलंय का?"

"नाही सर. शिकवतेय."

सगळ्यांचा बगळा त्या दिवशी झाला नाही. निम्म्यांचा झाला, बाकीच्यांचा पुढच्या आठवड्यात. दोघांचा झालाच नाही, पण त्यांनी नांगरहोड्या इतक्या नेटक्या केल्या की मी त्या खिडकीत मांडल्या. आणि आठवीला कोनदुभाजक शिकवताना त्या वर्षी मी कंपास दुसऱ्या तासाला काढला. पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातात कागद दिला.

शनिवार चालूच राहिले. आता शिकवायला मी जात होते. मावशी माझ्यासमोर टेबलाशी बसायच्या आणि काका खुर्चीतून दोघींवर नजर ठेवायचे. मावशींचा हात भाकरी थापणारा, जोरकस. पहिल्या पहिल्यांदा कागदच फाटायचा. काका मधेच सूचना करायचे आणि मावशी म्हणायच्या, "बाई सांगतायत ना? मग तुम्ही थांबा." पण कड जुळली की नाही हे त्या त्यांनाच विचारायच्या. कागद उजेडासमोर धरून त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायच्या, आणि ते म्हणतील ते मान्य करायच्या. नोव्हेंबर संपता संपता मावशींचा पहिला बगळा झाला. त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. त्या वर्षी नाताळच्या गोठ्यावर सत्तावीस बगळे होते. काकांनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की हे माझे नाहीत, हिचे आहेत.

जानेवारीत कार्यानुभवाच्या बाई रजेवरून परत आल्या. मी मुख्याध्यापकांना म्हणाले, तो तास माझ्याकडेच राहू द्या, त्यांना माझ्याकडचा भूगोलाचा एक तास द्या. या बाईंना नक्की काय झालंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी सहावीचा तास मी ठेवून घेतला.

मे महिन्यात मी फोर्टमधल्या फुटपाथवरून ओरिगामीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. ते घेऊन मी काकांकडे गेले. पुस्तकातले बाण आणि तुटक रेषा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या.

"हे काय लिहिलंय?"

"हीच तर घड्यांची भाषा, काका. तुटक रेघ म्हणजे आत दुमडायचं. तुटक आणि मधे ठिपके म्हणजे बाहेर."

"म्हणजे त्या म्हाताऱ्यानं मला हे दिलं असतं तर टिचक्या वाचल्या असत्या."

त्यांनी एक बेडूक निवडला. तो आमच्यापैकी कुणालाच येत नव्हता. मी वाचून सांगत होते, मावशी दुमडत होत्या, काका उजेडात बघून पास-नापास करत होते. अर्ध्या तासात बेडूक तयार झाला. पुस्तकात लिहिलं होतं, पाठीवर बोट दाबून सोडलं की उडी मारतो. मावशींनी दाबलं. बेडूक जागीच बसून राहिला.

"कागद नरम आहे," काका म्हणाले. "लग्नपत्रिका आण कुणाची तरी."

मावशींनी आतून एक जाड पत्रिका आणली, चौरस कापली आणि या वेळी आम्हाला न विचारता सगळा बेडूक आपला आपण केला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दाबा." काकांनी बोट पुढे केलं. बोट कापत होतं, बेडकाच्या पाठीवर नीट टेकेना, आणि मग टेकलं आणि घसरलं. बेडूक टुणकन उडाला तो थेट माझ्या चहाच्या बशीत.

"तू दाबलास त्याच्यापेक्षा लांब गेला," काका मावशींना म्हणाले, आणि दुसरा करायला सांगितला.